पाणकर मामाजी आणि ओसरीतला प्रिंटर

प्रिंटरमधून कागद बाहेर येऊ लागला की मामाजी दोन्ही हात पुढे करायचे. कागद खाली पडू द्यायचे नाहीत. तो ऊन कागद तळहातांवर घेऊन क्षणभर डोळे मिटायचे. मी चहा घेऊन दारातच थांबायची. वाटायचं, हे इथे नाहीतच, तलावाच्या पाळीवर उभे आहेत.

मामाजी, म्हणजे माझे सासरे, एकोडी गावचे पाणकर. तलावाचं पाणी कोणाच्या धानाला कधी सोडायचं, ते तेच ठरवत. "शेपटीच्या बांधीले पहिले पानी," ही त्यांची रीत. म्हणजे सगळ्यांत दूरच्या शेताला आधी.

प्रिंटर तेव्हा भासऱ्यांच्या, म्हणजे थोरल्या दिरांच्या, खोलीत होता, त्यांच्या विंडोजच्या कॉम्प्युटरला वायरने जोडलेला. ते घरूनच लोकांची ऑनलाइन कामं करत. आमचे हे शिकवणी घेत. यांच्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स. भासऱ्यांच्या कॉम्प्युटरमार्फत यांनी प्रश्नपत्रिका पाठवली की पानभर वेडीवाकडी चिन्हं उमटायची. मामाजी ते पान उजेडाकडे धरून बघत बसायचे. "हे कोन्या गावची बोली व्हय बाप्पा?"

यांनी खटपट करून अक्षरं आणली. पण भासरे बाहेर जाताना कॉम्प्युटर बंद करत आणि यांची पानं अडकून पडत. एकदा मुलं परीक्षेला येऊन बसली, आणि भासरे साकोलीला गेलेले. परतल्यावर दोघा भावांचं वाजलं.

"माह्या मशिनीवर तुही शाळा काहून?"

"ठेव तुही मशीन. मी नवी आनतो, अन् चूल बी वेगळी मांडतो."

जाऊबाईंनी माझा हात घट्ट धरला. मला मोठ्यांपुढे बोलता येत नाही. मामाजी रागावले नाहीत. स्वतःशीच बोलावं तसं म्हणाले, "तलाव कोन्या एकाच्या बांधीत असते का रे? आना ते मशीन बाहेर."

मशीन ओसरीत त्यांच्या खाटेजवळ आली. तिला वायफाय होतं, ते कोणी वापरलंच नव्हतं. यांनी ती घरातल्या वायफायला जोडली. दुपार कलली तेव्हा धाकट्याचं पान आलं, मग थोरल्याचं. मध्ये कोणाचाच कॉम्प्युटर नव्हता. चुलीचं बोलणं तिथेच थांबलं.

मग मामाजींची पाणकी पुन्हा सुरू झाली. आधी आवाज द्यायचा, मगच छापायचं. "थांब, धाकट्याचं होऊ दे." एकदा हिरवा दिवा लुकलुकत राहिला, तर त्यांनी प्लगच काढला. भासऱ्यांचं पान अर्ध्यात अडकलं.

"बाबा, हे पान्याची नाली नोहोय."

"नसन. पन वाया तं जाऊन राहिलं ना."

मला म्हणाले, "सूनबाई, तू काहून काही मांगत नाही? तुहा बी नंबर हाये." माझ्याकडे छापण्यासारखं काय असणार? फोनमधला तलावाचा फोटो पाठवला. काळापांढरा निघाला. त्यांनी तो हातावर झेलला आणि कितीतरी वेळ बघत राहिले. "पानी हालून राहिलं," एवढंच बोलले.

मागच्या धानकापणीत ते झोपेतच गेले. पुढे चुली वेगळ्या झाल्याच. ओसरीत भिंत आली, प्रिंटर पलीकडे राहिला. पण दुसरी मशीन अजून कोणी आणली नाही. मी इकडून फोनवर बोट ठेवते, भिंतीपलीकडे कागद सरकल्याचा बारीक आवाज येतो, आणि जाऊबाई तो घेऊन येतात.

कधी छापायचं काहीच नसलं तर मी कोरं पान पाठवते. जाऊबाई ते घेऊन येतात, दोन्ही बाजूंनी बघतात. "चहा ठेव व," म्हणतात आणि बसतात.