पडद्यामागची सावली

पडदेवाल्या काकूंनी सारी उमर दुसऱ्यांच्या खिडक्यांची लाज राखली. दवाखाने, हॉटेलं, नव्यानं संसार मांडलेल्यांची घरं, एकदा तर नाट्यगृहसुद्धा. पण पडदा ही मोठी कृतघ्न वस्तू. घरात आलेला पाहुणा सोफ्याची किंमत विचारतो, भिंतीच्या रंगाला नावं ठेवतो, पडदा कोणी शिवला असं विचारत नाही. पडदा एका बाजूनं लोंबू लागला की मात्र शिवणारीची आठवण तत्परतेनं होते. काकूंचं मागणं फार नव्हतं. एकदा तरी एखाद्या कापडाशेजारी आपलं नाव लिहिलेलं असावं, आणि ती जागा बिलाची नसावी, एवढंच.

त्यांच्या स्वतःच्या घरात एकच पडदा होता, गॅलरीच्या दाराला. गिऱ्हाइकांच्या कामातून उरलेले पातळ कापडाचे तुकडे जोडून त्यांनी तो हळूहळू वाढवत नेला होता. हळदी, विटकरी, शेवाळी, कुठे धुवून धुवून नाव हरवलेला निळा. शिवण दोन्ही बाजूंनी सारखी, उलट-सुलट कळू नये अशी. दुपार कलली की ऊन त्यातून गाळून आत यायचं आणि सगळी खोली सरबताच्या पेल्यात बुडाल्यासारखी व्हायची. काकूंना हे रंग दिसत ते फक्त समोरच्या भिंतीवर, कारण मशीनवर उजेड यावा म्हणून त्या दाराकडे पाठ करून बसत.

पडद्यापलीकडे, गॅलरीत, काका झोपत. जन्मभर दारोदार हिंडून विजेचे मीटर वाचल्यामुळे निवृत्तीनंतर त्यांनी न हिंडण्याचं व्रत घेतलं होतं. डोळ्यांच्या ऑपरेशननंतर त्यांना ऊन सोसत नसे. मग काकूंनी खुर्चीच्या पायांना जाड कापडाचे मोजे शिवले. ऊन सरकलं की त्या मशीनवरून उठत, गॅलरीत जाऊन काकांसकट खुर्ची अलगद वळवत आणि परत येऊन पुढची शिवण घालत. काका जागे होत नसत. एखादी बोट धक्क्यापासून सुटावी तसे ते वळत.

अशाच एका दुपारी सूनबाईनं पडद्याचा फोटो काढला आणि कोणाला न सांगता समकालीन कलेच्या स्पर्धेला पाठवून दिला.

या स्पर्धेची पहिली फेरी अंधारात होते. तीन परीक्षक खुर्च्यांत रेलून बसतात आणि भिंतीवर एकामागून एक चित्रं येत जातात. सुरुवातीला ते वाद घालतात, मग माना हलवतात, मग नुसते श्वास घेतात. अशी शेकडो चित्रं डोळ्यांखालून गेली की माणसाला कशाचाच अर्थ लागत नाही, आणि ज्याचा अर्थ लागत नाही ते निवडणं हेच परीक्षकांचं काम असल्यामुळे सगळं सुरळीत पार पडतं. काकूंचा पडदा आला तेव्हा मात्र तिघंही सावरून बसले. निवडलेल्या तीन कलाकृती पुढच्या फेरीत प्रत्यक्ष बघायच्या होत्या. बोलावणं आलं.

"मला न विचारता?" काकू सूनबाईवर कडाडल्या.

"विचारलं असतं तर पाठवू दिलं असतं?"

"मुळीच नाही."

"मग?"

काकू तणतणत स्टुलावर चढल्या. त्यांनी पडदा उतरवून इस्त्री केला. गाठोडं धरायला काका बरोबर निघाले.

दालनात तिथल्या माणसांनी पडदा पांढऱ्या भिंतीवर सपाट ठोकून दिला. स्पर्धकांनी बाहेर थांबायचं होतं. काकू बाकावर टेकतात न टेकतात तोच आतून हाक आली.

तीन परीक्षक होते. एक धिप्पाड शिल्पकार, एक समीक्षक बाई आणि एक निवृत्त प्राध्यापक.

"यातला माणूस कुठे गेला?" समीक्षक बाईंनी विचारलं.

"कुठला माणूस?"

बाईंनी फोटो पुढे केला. काकूंनी चष्मा कपाळावर चढवून तो डोळ्यांशी नेला. रंगांच्या मधोमध एक करडी आकृती होती, मान कलती, हात खाली सुटलेला.

"अगं बाई! हे तर आमचे हे!"

"हे म्हणजे?"

"हे म्हणजे हे. बाहेर बसलेत, गाठोड्याचं फडकं घेऊन."

"म्हणजे हा अपघात आहे," प्राध्यापक समाधानानं म्हणाले. "सावली सोडली तर उरतं ते कापड. हातकाम सुंदर आहे, वाद नाही."

त्या दालनात 'हातकाम सुंदर आहे' म्हणणं म्हणजे गेलेल्या माणसाचा चेहरा शांत आहे म्हणण्यासारखं होतं. काकूंना शब्द कळले नाहीत, सूर कळला.

"आणि सावलीचं श्रेय यजमानांचं असेल तर अडचण आहे," समीक्षक बाई म्हणाल्या. "एका कलाकृतीला एकच कलाकार, हा नियमच आहे आमचा. तेव्हा नीट सांगा काकू, ही सावली कोणाची?"

जन्माच्या सवयीनं 'यांची' असं काकूंच्या ओठांवर आलं होतं. पुरस्कार जाईल त्याचं एवढं नाही, पण भिंतीवरचं नाव जाईल. मग त्यांना खुर्चीचे मोजे आठवले, हातावर येणारं वजन आठवलं.

"माझी," त्या म्हणाल्या. "झोपतात ते. बसवते मी."

"बसवून दाखवा," शिल्पकार पहिल्यांदाच बोलला.

दोन लाकडी घोड्यांवर दांडा टाकून पडदा दालनाच्या मध्यावर टांगला, मागे मोठा दिवा लावला आणि काकांना आणून खुर्चीवर बसवलं. सावली पडली खरी, पण ती ओळखपत्राच्या फोटोसाठी बसलेल्या माणसाची.

"जरा झोपा ना," समीक्षक बाईंनी विनंती केली.

"अहो, असं चारचौघांत?" पडद्यामागून आवाज आला. "जमायचं नाही."

काकू मागे गेल्या. त्यांनी खुर्ची थोडी वळवली, आणखी थोडी वळवली. काका ताठच. समोर प्राध्यापकांनी घड्याळ बघितलेलं कापडातूनही कळलं. मग काकू खाली वाकल्या आणि हलक्या आवाजात बोलायला लागल्या. न्हाणीघरातली तोटी पुन्हा गळतेय. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी जिन्यात कपाट ठेवलंय, आता कोणीतरी बोलायला हवं. थोरल्या नणंदेनं फोन केला होता, म्हणजे केला नव्हता, आपणच केला, तर ती म्हणे...

नणंद काय म्हणाली ते काकांनी ऐकलं नाही. त्यांची मान कलली, हात खुर्चीवरून खाली सुटला. काकांच्या या सवयीवरून काकूंनी वर्षानुवर्षं भांडण केलं होतं. हिचा असाही उपयोग होतो हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

पाय न वाजवता त्या पुढे आल्या आणि वळल्या.

आपला पडदा उजेडाकडे तोंड करून त्यांनी असा कधी पाहिलाच नव्हता. दिव्याच्या उबेनं कापड हलकंसं फुगत होतं, बसत होतं. हळदीत विटकरी मिसळत होता, शेवाळ्यावर निळा तरंगत होता, आणि त्या सगळ्याच्या तळाशी एक माणूस हळूहळू बुडत होता, कसलीही तक्रार न करता. शिवणी दिसेनाशा झाल्या होत्या. त्याचा श्वास बाहेर आला की सगळे रंग किंचित पुढे येत आणि आत गेला की मागे जात. काकूंना वाटलं, आपण हे शिवलेलं नाही. आपण रात्री झोपतो तेव्हा हे कुठेतरी असतं, दिवसा आपण त्याला फक्त टाके घालतो.

शिल्पकार फरशीवर मांडी घालून बसला.

"हे टिकणारं नाही," समीक्षक बाई अखेर कुजबुजल्या. "दिवा घालवला की संपलं."

"उलट, नको तितकं टिकाऊ आहे," प्राध्यापक तितक्याच हळू म्हणाले. "शिवण बघा. शंभर वर्षं उसवणार नाही. ही कला नव्हे, हे सामान आहे."

दोघांचा विरोध होता, पण दोघांची कारणं एकमेकांना इतकी अमान्य होती की एकमेकांना खोडता खोडता दोघंही पडद्याच्या बाजूनं बोलून बसले. उरलेल्या दोन कलाकृतींपैकी एकीवर बाई नाराज होत्या, दुसरीवर प्राध्यापक. शिल्पकाराला कोणी विचारलं नाही. तो फरशीवरून उठतच नव्हता, हेच त्याचं मत धरलं गेलं. पहिला क्रमांक ठरला. काकूंना बाहेर काढायचं राहून गेल्यामुळे त्यांनी तो उभ्याउभ्या ऐकला.

"नाव काय लिहायचं?" बाईंनी विचारलं.

काकूंनी आपलं पूर्ण नाव सांगितलं, आणि सावकाश, दुसऱ्यांदा सांगितलं.

परतताना रस्त्यावर ऊन उतरलं होतं. गाठोडं नसल्यामुळे काकांना हात कुठे ठेवावेत ते सुचत नव्हतं.

"काय ठरलं मग?"

"माझंच आहे म्हणाले."

"काय?"

"सगळं. पडदा, सावली. प्रदर्शन संपेपर्यंत दुपारी तिथे झोपायला यायचंय तुम्हाला."

काका चालायचे थांबले. "म्हणजे मी पण तुझंच काम? अगं, मला कोणी विचारलं का?"

"विचारणार होते," काकू म्हणाल्या, "पण तुम्ही झोपला होतात."