परातीवरचं नाव

लग्न होऊन मी रायपूरच्या चौबे कॉलोनीत आले, त्याच्या दुसऱ्याच दिवशी शेजारच्या कुंदाताई ओट्यावर बसून स्टीलची परात पॉलिश पेपरने घासताना दिसल्या. कागद गुंडाळला होता फळा पुसायच्या डस्टरला. मी विचारलं, "ताई, काय करताय?"

"नवऱ्याचं नाव काढून राहिली. बाकीच्या बाया उखाण्यात घेतात, मी काढते."

परातीवर टिंबाटिंबांनी 'वसंतराव' कोरलेलं होतं. कुंदाताई शाळेत शिकवायच्या. घरातलं एकूण एक भांडं त्यांच्या पगारातून आलेलं आणि प्रत्येकावर नाव साहेबांचं, म्हणजे नवऱ्याचं. साहेब सरकारी कचेरीत होते. नवीन राज्य झालं, तशी कर्मचाऱ्यांचीही वाटणी झाली. सगळं जग राजधानी म्हणून रायपूरकडे धावत होतं. साहेब मात्र भोपाळ मागून घेऊन गेले आणि तिथे त्यांनी दुसरा संसार थाटला.

"तिथलं सरकार त्यायच्याशिवाय चालतच नव्हतं," ताई शांतपणे सांगायच्या. "आता त्या सरकारले दोन पोट्ट्या आहेत."

ताईंची पद्धत ठरलेली होती. आधी खरखरीत कागद, मग मध्यम, शेवटी अगदी बारीक, तोही पाण्यात भिजवून. स्टीलवर मुळात ज्या बाजूने रेघा असतात, हात त्याच बाजूने चालवायचा. मी एकदा उत्साहाने डब्याचं झाकण गोल गोल घासलं. ताईंनी ते उजेडात धरलं. "वा. स्वयंपाकही असाच करतेस का?" म्हणाल्या आणि माझे ओरखडे काढत दोन दिवस बसल्या. काम झालं की फडक्यावर खोबरेल तेलाचा थेंब घेऊन पुसायचं. मग तिथे कुणाचं नाव होतं, हे सांगूनही पटत नसे.

हळूहळू कॉलोनीतल्या बायका ओरखडलेले ट्रे, डागाळलेली पातेली घेऊन यायला लागल्या. एक जण म्हणाली, "दीदी, इसमें से सास का नाम हटा दो."

"सासू आहे का गेली?"

"हैं न, घर में हैं."

"मंग पहिले त्यायले विचारून ये."

निवृत्त झाल्यावर एका दुपारी साहेब बॅग घेऊन दारात उभे राहिले. तिकडच्या घरातून त्यांना बाहेर काढलं होतं, ही बातमी त्यांच्या आधीच पोचली होती. मी भाजी द्यायला गेले होते, तिथेच अडकले. ताईंनी ताट वाढलं. साहेबांनी ताटाची कड बोटाने चाचपली.

"इथं नाव होतं ना?"

"होतं. घासता घासता गेलं."

"कुंदा, मी आता इथंच राहीन म्हणतो."

"जेवून घ्या, वरण थंड होऊन राहिलं." ताईंनी भातावर तूप वाढलं. "साडेचारची गाडी आहे. रिक्षा सांगून ठेवली."

साहेब जेवले आणि गेले. ताईंनी ताट धुतलं, घराला कुलूप लावलं आणि म्हणाल्या, "चाल, तेलीबांध्याच्या तलावावर जाऊन येऊ. घरात बसवत नाही."

आम्ही काठावर जाऊन बसलो. मीच धीर करून म्हटलं, "बरं केलंत, ताई."

त्यांनी पदराने डोळे पुसले.

"किती म्हातारा झाला गं तो," त्या म्हणाल्या.