चौतीस इंचांचा बोर्ड

“पाय लटपटतात तुझे. बोर्डाला कशाला बोल लावतेस?” एगॉन म्हणाला आणि माशाचा काटा ताटाच्या कडेला ठेवला.

“पाय माझे आहेत. ते कधी लटपटतात हे मला कळतं,” रग्ना म्हणाली.

“चौदा वेळा पडलीस, आई. मी वाळूवर उभी राहून मोजत होते,” मालेने नावाची त्यांची लेक म्हणाली.

“दुसरा उद्योग नव्हता का तुला?”

“आई बुडते की काय ते बघणं, हाच उद्योग होता.”

“बुडाले?”

“नाही. पण तिकडे आतल्या खाडीत, फ्योर्डवर गेलीस तर काय बिघडेल? पाणी कसं थाळीसारखं. बायकांचा ग्रुप आहे, बोर्डावर उभ्या राहून वल्हवतात, मधे थांबून कॉफी पितात.”

“कॉफी मला घरी मिळते. बटाटे घे, गार होतायत.”

एगॉनने बटाटे घेतले, पण मुद्दा सोडला नाही. लाटांवर उभं राहून वल्हवायचा तो बोर्ड त्याने रग्नाच्या साठाव्या वाढदिवसाला स्वतः निवडून दिला होता. दुकानातला सगळ्यात रुंद. चौतीस इंच, दहा फूट लांब, बाजूंना उशीसारखा जाड. “ह्याच्यावर टेबल मांडून जेवता येईल. ह्याहून स्थिर वस्तू मला दाखव,” तो म्हणाला. त्याने तळहात टेबलावर पालथा पसरला. रुंद बूड म्हणजे काय हे तो नेहमी असंच दाखवतो.

रग्ना उठली आणि सॉसचं भांडं विसळायला लागली. ती चिडली की भांडी स्वच्छ होतात, हे त्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

आमच्या गावाला बंदर नाही. होड्या लाटांतून सरळ वाळूवर येतात आणि विंचच्या, म्हणजे दोर गुंडाळणाऱ्या यंत्राच्या, दोराने वर ओढून घ्याव्या लागतात. एगॉन चाळीस वर्षं समुद्रावर गेला. रग्ना सत्तावीस वर्षं खोपटात बसून ते विंच चालवत होती. बायका होडीवर जात नसत. जाऊ नका असं कुणी म्हणतही नसे, वेळच आली नाही. होडी दिसली की रग्ना खोपटाची खिडकी उघडायची आणि शेवटचे दोनशे मीटर डोळे लावून बसायची. दोर कधी ताणायचा, कधी ढिला सोडायचा, हे लाटेवर असतं, आणि लाट होडीतल्या माणसाच्या पाठीमागे असते. ती दिसायची फक्त रग्नाला. दोन वर्षांपूर्वी एगॉनने होडी विकली. त्यानंतर पहिल्याच उन्हाळ्यात तिने भाड्याच्या बोर्डावर उभं राहून पाहिलं. घरी आली तेव्हा तिचं तोंड इतकं लाल होतं, की एगॉनला वाटलं कुणाशी भांडून आली.

गेल्या हिवाळ्यात तिचा कान बिघडला. आतल्या बाजूला सूज. दोन महिने ती भिंतीला हात लावून न्हाणीघरापर्यंत जात होती. डॉक्टर म्हणाले, तोल येईल परत, सराव करा. आला, असं तिला वाटत होतं. पण चौदा वेळा पडल्यावर वाटण्याला काय किंमत? दोष बोर्डाचा की तिचा, हे तिला कळायला हवं होतं. दोष तिचा असेल तर समुद्र संपला. मग थाळीसारखं पाणी आणि कॉफी. त्याबद्दल ती कुणाशी बोलली नाही. रात्री मात्र स्वयंपाकघरात एका पायावर उभी राहून मनात अंक मोजायची. उजवा पाय चाळीस. डावा पाय सव्वीस.

भांडी विसळताना तिच्या एक गोष्ट लक्षात आली. ती चौदाही वेळा एकाच प्रकारे पडली होती. समोरून लाट आली तेव्हा नाही. बाजूने एखादी तुटकी, आडवी लाट बोर्डाच्या कडेखाली शिरली, की सगळा बोर्ड एकदम उचलला जायचा आणि ती पलीकडे. आमच्याकडच्या लाटा रांगेत येत नाहीत. पश्चिमेचा वारा त्यांना कशाही ढकलतो.

दुसऱ्या दिवशी वारा पडला आणि समुद्र गुळगुळीत झाला. ती गेली नाही. “बघ, आज तर पाणी शांत आहे,” एगॉन म्हणाला. “म्हणूनच,” ती म्हणाली.

चौथ्या दिवशी वारा सुटला. बोर्ड विकणाऱ्या सिग्नेच्या दुकानाला त्या दिवशी गिऱ्हाईक नव्हतं. ती दारात बसून रबरी पोशाखाची फाटकी कोपरं चिकटवत होती.

“आज? लोक बोर्ड निवडायला उन्हात येतात, रग्ना,” ती म्हणाली.

“आणि पडतात कधी?”

सिग्ने हसली. “बरं, कुठला देऊ?”

“मला नको देऊ. तू चढ. एकेक करून. मी इथून बघते.”

“मी तुझ्यापेक्षा तीस वर्षांनी लहान आहे. माझं बघून काय कळणार?”

“तुला नाही बघत. बोर्डाचं बूड बघते.”

सिग्नेला हे विचित्र वाटलं, पण कंटाळलेल्या माणसाला विचित्रपणा चालतो. रग्ना वाळूवर जाकीट पसरून बसली. सिग्ने आधी रग्नाने बरोबर आणलेला, एगॉनने दिलेला चौतीस इंची घेऊन गेली. दिसायला भक्कम. पण आडवी लाट आली की कड बुचासारखी टुणकन वर यायची, आणि सिग्नेला गुडघे वाकवून मार सोसावा लागायचा. मग तेहतीस. मग एकतीस इंची, नऊ फुटांचा, मागच्या टोकाकडे भरलेला पण कडेला बारीक. ह्याला लाट लागली की पाणी कडेवरून चढून जायचं. बोर्ड कलायचा, थांबायचा, परत यायचा.

रग्नाला हे ओळखीचं होतं. वाळूवर सरळ बसावी म्हणून एगॉनची होडी रुंद आणि सपाट बुडाची होती. शेजारच्याची अंगाने गोल, थोडी अरुंद. खोपटातून तिने हजार वेळा पाहिलं होतं. आडव्या लाटेत एगॉनची होडी ताटासारखी भिरकावली जायची, शेजारची डुलत यायची. घरी येऊन एगॉन म्हणायचा, आज समुद्र फार होता.

ती एकतीस इंचीवर चढली तेव्हा तो पहिल्यापेक्षा जास्त डुलला. उभं राहिल्याबरोबर वाटलं, फसले. मग आडवी लाट आली. बोर्ड कलला. तिने वल्हं पाण्यात दाबलं आणि बोर्ड परत आला. त्याच्याबरोबर तीही आली. त्या सकाळी ती पाच वेळा पडली. सहाव्या खेपेला उभी राहून वाळूपर्यंत पोचली.

“पाच म्हणजे काही कमी नाही,” सिग्ने म्हणाली.

“ते पाच माझे,” रग्ना म्हणाली. “तेवढ्यांचा दोष मी घेते.”

दुपारी ती घरी आली तेव्हा एगॉन आणि मालेने दोघं राय धान्याच्या काळ्या पावावर हेरिंग मासा घालून खात होते. ती ओल्या केसांनीच बसली आणि बुडाचं सगळं सांगितलं. बोर्डाच्या. होडीचं नाव घ्यायचं नाही, असं तिने वाटेत ठरवलं होतं. एगॉन ऐकत राहिला.

“म्हणजे माझी होडीही,” तो म्हणाला.

मालेनेने आईकडे पाहिलं. नाही म्हण, असं ती डोळ्यांनी सांगत होती.

“हो,” रग्ना म्हणाली.

“सत्तावीस वर्षं तुला ठाऊक होतं?”

“वीस तरी.”

“आणि बोलली नाहीस.”

“विंचवाल्या बाईला होडीबद्दल कोण विचारतं? आणि तू रोज परत येत होतास. बरोबर चाललंय असंच दिसायचं.”

एगॉनने टेबलावर तळहात पालथा ठेवला, पाहिला आणि उचलून घेतला. “लोक म्हणायचे, एगॉनसारखी होडी कुणाची नाही.”

“वाळूवर नव्हतीच कुणाची.”

मालेनेला हसू आलं. तिने ते पेल्यात लपवलं. एगॉन हसला नाही, पण हेरिंगची बशी त्याने बायकोकडे सरकवली.

“बाबांनी हौसेने आणलेला आहे तो, आई,” मालेने हळूच म्हणाली. “निदान महिनाभर तरी वापर.”

रग्नाने हेरिंगचा तुकडा पावावर ठेवला, वर कांदा पसरला.

“चौतीस इंची मी सिग्नेला परत देऊन एकतीस इंची आणलाय,” ती म्हणाली. “तो मागच्या पडवीत आहे, त्याला कुणी सायकली टेकवायच्या नाहीत. पश्चिमेचा वारा असेल त्या दिवशी मी सकाळी समुद्रावर जाणार.”