बंद कानातलं बूच

जळगावच्या एका चटई कारखान्यात मी शेड सांभाळते. माग सुरू असताना त्या आवाजात तिथं कुणी बोलत नाही, सगळं हातांनी चालतं. मूठ तोंडाशी नेली की चहा, दोन बोटं कात्रीसारखी हलवली की धागा तुटला. घरी जेवतानाही मी भाजीकडे नुसतं बोट दाखवते. मुलगी म्हणते, "आई, तोंडानं माग."

आवाजापासून कान वाचवायला कानात घालायची बुचं आली, तेव्हा ती वाटणं, घालून दाखवणं आणि रोज फिरून बघणं हे माझ्या कामांत वाढलं. बघितलं तर बहुतेकांनी एकच बूच घातलेलं. पारोळ्याकडचे नाना आमच्यातले सगळ्यांत जुने कारागीर. त्यांनी हसत सांगितलं, एक कान मागासाठी उघडा ठेवावा लागतो, बिघडायच्या आधी त्याचा आवाज बदलतो. नानांचं बूच कायम उजव्या कानात. निदान एक तरी घालतात, म्हणून मी पुढे सरकले.

एका दुपारी वीज गेली. शेड एकदम गप्प. अशा शांततेत मला उलट चैन पडत नाही, म्हणून मी मागांमधून चकरा मारू लागले. नाना सुरतच्या लेकीशी फोनवर बोलत होते, फोन डाव्या कानाला. बोलणं संपल्यावर मी त्यांना उजवीकडून हळूच हाक मारली. पुन्हा मारली. नाना समोरच बघत राहिले.

शेजारचा कारागीर म्हणाला, "ताई, तिकडून नका बोलवू. तो दरवाजा कधीचाच बंद शे."

म्हणजे बूच बंद कानात आणि चालता कान मागापुढे उघडा.

मी डावीकडे गेले आणि बूच या कानात घाला म्हणाले.

"मंग माग बिघडना तं माले कसं समजी?"

"आणि हाही कान गेला, तर लेकीचा फोन कुठं लावाल?"

नानांनी फोन खिशात ठेवला.

वीज आली, माग धडधडू लागले. नानांनी बूच डाव्या कानात घातलं आणि तळहात मागाच्या चौकटीवर टेकवला, थरथर हाताला कळते का बघायला.

तेव्हापासून मी माझी फेरी नानांच्या डावीकडून घेते. कधी बूच जागेवर असतं. कधी मला येताना पाहून त्यांचा हात घाईनं बूच घेऊन कानाकडे जातो. मग मी लगेच आणखी एक चक्कर मारते.