पहिल्या पानावरचं नाव

आमच्या ग्रंथालयात जुनं पुस्तक कुणी वाचायला घेतलं की मी समोरच बसते. त्या दिवशी साठीच्या एक बाई बाळंतीण आणि बाळाच्या काळजीवरचं, शंभराहून अधिक वर्षं जुनं पुस्तक चाळत होत्या. एकाएकी त्यांनी पर्समधून पेन काढलं आणि पहिल्या पानावरच्या लेखकाच्या नावावर टेकवलं. मी झटकन त्यांचा हात धरला.

"अहो, काय करताय?"

"हे माझ्या पणजीनं लिहिलंय." त्या म्हणाल्या. "नाव मात्र पणजोबांचं छापलंय. हे बघा."

त्यांनी पिशवीतून एक जीर्ण वही काढली. आम्ही ओळ न् ओळ ताडून पाहिली. वहीत होतं, 'माझी दोन बाळं गेली, तेव्हा मला हे कळलं.' पुस्तकात होतं, 'एका बाईची दोन बाळं गेली, तेव्हा तिला हे कळलं.' बाकी मजकूर अगदी तोच होता.

मागच्या कपाटांकडे मला बघवेना. तिथल्या किती पुस्तकांत अशी 'एक बाई' असेल?

मी माझी पेन्सिल पुढे केली. पुस्तकात काही लिहू द्यायचं नाही, हा नियम मी मोडत होते. "खोडू नका, खाली पेन्सिलीनं त्यांचं नाव लिहा," मी म्हणाले. "काय नाव त्यांचं?"

त्यांनी घाईनं वहीचं पहिलं पान उघडलं.

"घरात सगळे त्यांना वहिनीच म्हणायचे."

वही शेवटपर्यंत उलटली. नाव कुठेच नव्हतं. मग पेन्सिल घेऊन त्यांनी बारीक अक्षरात लिहिलं, 'हे पुस्तक यांच्या पत्नीनं लिहिलं. तिचं नाव शोधते आहे.'