शालूची भूमिका

शालू गेल्याचं फोनवर सांगितलं, तेव्हा तुम्ही दोघं फोनला कान लावून होतात. मग धाकट्याने विचारलं, "आजी, मग नाटकआजीची नाटकं होणार का?" भेटायला आलेल्या मोठ्या माणसांपैकी कोणालाच हे सुचलं नव्हतं. मी नुसतं "होणार" म्हणाले. आता महिना उलटून गेलाय, म्हणून सवडीने लिहिते.

शालू माझी धाकटी नणंद. एकोणीसशे नव्वदच्या आसपास तिने इथल्या विद्यापीठाचा नाट्यविभाग हाती घेतला, तेव्हा तो म्हणजे एक लांबट खोली आणि दोन सतरंज्या. त्यामुळे दिवाळीनंतर नाटकांचा हंगाम आला की आमच्या दिवाणखान्यातलं काही ना काही रंगमंचावर जायचं. मला वस्तू जागच्या जागी लागतात, हे तुम्ही जाणताच. वेताची खुर्ची निघाली की तिच्या पायांच्या जागी मी फरशीवर खडूने खुणा करायची, म्हणजे परत तिथेच येईल. "वहिनी, जन्मात नाटक केलं नाहीत, पण रंगमंच तुमच्यासारखा कोणी आखत नाही," शालू चिडवायची. "आणि तुझ्या नाटकातल्या मुलांनी माझ्या उशीवर चहा सांडला, तो कितव्या अंकात?" मी विचारायची.

तिचा एक नियम होता: प्रत्येक भूमिका आणखी एकाला पाठ हवी. सिन्नरच्या मुलाची एसटी चुकली, कोणाला ताप आला, तरी पडदा वर गेलाच पाहिजे. एकदा राजाचा आवाज बसला, तर दारावर तिकिटं फाडणारा मुलगा मुकुट घालून उभा राहिला… आणि बरा राजा झाला.

यंदा तीन नाटकं ठरली. विभागातलं तिचं शेवटचं वर्ष, म्हणून तिसऱ्यातली म्हातारी सुईण शालू स्वतः करणार होती. श्रावणात आजार कळला आणि डॉक्टरांनी तिला घराबाहेर पडायला बंदी केली. मुलं भेटायला आली, तर तिचा पहिला प्रश्न, "माझी भूमिका कोणाला येते?" मुलांना एकमेकांच्या भूमिका तोंडपाठ होत्या, बाईंची मात्र कोणीच पाठ केली नव्हती. शेवटी सटाण्याची कल्पना म्हणाली, "मॅडम, तुमची भूमिका पाठ करायची म्हणजे… अशुभ वाटलं."

"वा. मी मरेन म्हणून घाबरलात आणि नाटक मारायला निघालात," शालू म्हणाली. "आता तूच करायची."

"हाई माले जमाव नही." घाबरली की कल्पनाच्या तोंडी गावची अहिराणी यायची.

"जमेल. आणि अशीच बोल. सुईण सटाण्याची असली तर बाळं काय अडून बसतात?"

त्यानंतर रोज दुपारी कल्पना आमच्या घरी यायची. शालू वेताच्या खुर्चीत डोळे मिटून बसायची, वाक्य सांगायची, मध्येच दम लागला की थांबायची. नाटक तिच्याशिवाय उभं राहील का, एवढीच तिची काळजी होती. औषधाची वेळ मात्र मलाच सांभाळावी लागे. एका दुपारी कल्पना अडली आणि नेमकी शालूला खोकल्याची उबळ आली. मी स्वयंपाकघरात मेथी निवडत होते. पुढचं वाक्य मी तिथूनच दिलं.

बाहेरचा खोकला थांबला.

"वहिनी," शालूचा आवाज आला, "त्याच्या पुढचं?"

तेही आलं. त्याच्या पुढचंही आलं.

"झालं की मग," ती म्हणाली. "एक कल्पना, दुसऱ्या तुम्ही. मी सुटले." खूप दिवसांनी ती मोकळेपणी हसली… दिवाळीच्या आधी गेली.

खुर्ची गेल्या आठवड्यात टेम्पोतून रवाना झाली. न्यायला कल्पनाच आली होती. जाताना म्हणाली, "आजी, तुम्ही समोर बसू नका. विंगेत थांबा. मला तिथे तुम्ही लागाल." मी हो म्हटलं. माझ्यावर वेळ येऊ नये, पण नियम तो नियम.

फरशीवर सवयीने खडूच्या चार खुणा केल्या आहेत. संध्याकाळी देवापाशी दिवा लावला की त्यांच्या मधे उभी राहून सुईणीची भूमिका एकदा पहिल्यापासून म्हणते. शेवटच्या मोठ्या संवादात एक जागा आहे, तिथे शालूला दम लागायचा. लिहिलेल्या नाटकात तिथे थांबायचं नाही. पण आम्ही दोघी तिच्याकडूनच शिकलो. कल्पना तिथे थांबते. मीही थांबते.