मागून घेतलेली शिक्षा

आमच्या मुलीला वर्गात एकच मैत्रीण होती, आणि ती उन्हाळ्याच्या सुट्टीत आईबरोबर कायमची ऑस्ट्रेलियाला निघाली होती. लीड्समधल्या त्या शाळेत पोरांना तोटा नव्हता, पण आमच्या बाईसाहेबांना दुसरं कोणी चालत नव्हतं. मैत्रिणीने ही बातमी उड्या मारत सांगितली. त्या दिवशी आमचीने घरी येऊन ताट सरकवलं आणि तेव्हापासून ती धुमसत होती.

त्याच आठवड्यात वर्गात इतिहासाचं नाटक होतं. शुक्रवारी मी घरून काम करतो, म्हणजे शाळेच्या मते रिकामाच असतो, म्हणून मदतीला मला बोलावलं. विषय होता, दुष्काळातल्या आयर्लंडमधून मेंढ्या चोरल्याबद्दल जहाजात घालून ऑस्ट्रेलियाला धाडलेले कैदी. काही जण मुद्दाम चोरी करत, कारण तिकडे निदान जेवायला मिळेल, असं शिक्षिकेने सांगितलं. स्वस्तातल्या सहलीची माहिती द्यावी तसं हसत सांगितलं. मग तिने भूमिका वाटल्या. मैत्रीण नाहीतरी ऑस्ट्रेलियाला जाणार, तिची आजीही आयरिश, म्हणून ती कैदी. न्यायाधीश आमची. माकडाच्या हाती कोलीत.

मैत्रीण डोक्यावरून शाल घेऊन उभी राहिली. छान करत होती.

“माय लॉर्ड, मी मेंढी चोरली. माझी मुलं उपाशी आहेत. प्लीज, आम्हाला जहाजावर पाठवा.”

आमच्या कन्येने टेबलावर पट्टी आपटली. “नो. तुला जायचंय ना? मग नाही पाठवणार. इथेच राहा. आधी तुझी मुलं मरतील, ते तू बघायचं. मग तू.”

वर्ग खदखदून हसला.

“प्लीज, माय लॉर्ड.”

“रडून दाखव. मग विचार करते.”

मैत्रिणीने डोळे चोळून खोटं रडून दाखवलं.

“नीट रड.”

मागच्या पोरांनी तेच धरलं. नीट रड, नीट रड. मग ती खरंच रडली, अगदी नाक गळेपर्यंत. आमचीने ते शांतपणे पाहिलं आणि “नाहीच पाठवणार” असा निकाल दिला. शिक्षिकेने टाळ्या वाजवल्या आणि “ब्रिलियंट जज!” म्हणत आमचीच्या स्वेटरवर स्टिकर लावला. मला त्या बाईचा असा संताप आला, की तिचे स्टिकर तिच्याच तोंडाला चिकटवावेत. प्रत्यक्षात मी “लव्हली” म्हणालो.

“काय गं हे?” रस्त्यात मी विचारलं.

“माझा चूक नाही, बाबा. ती किती हॅपी आहे जायला! मला सोडून!”

त्यानंतर दोघी बोलल्या नाहीत. मैत्रिणीच्या निघण्याच्या दिवशी मात्र आमची सकाळीच बूट घालून दारात उभी राहिली. आम्ही त्यांच्या घरी गेलो. दार तिच्या आईने उघडलं आणि वर हाक मारली. मैत्रीण अर्ध्या जिन्यापर्यंत आली आणि आमच्या पोरीकडे पाहून आईला म्हणाली, “तिला जायला सांग.” आई कसनुसं हसली, सॉरी म्हणाली आणि तिने दार लावून घेतलं.

पोरगी कोपऱ्यापर्यंत ताडताड चालत गेली. मग म्हणाली, “तिला तिकडे एकपण फ्रेंड मिळू नये. कधीच.”

मी दटावायला हवं होतं. पण माझ्याही मनात तेच होतं.